उसनीं भांडीं

आमच्या वाचकवर्गांत आतां असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई संगणकाच्या धंद्यांत नाहीं. पुणें, ठाणें, बंगळूर किंवा समुद्रापलीकडील एखादें शहर, ठिकाण कोणतेंहि असो, घरांतील वडील मंडळींचा प्रश्न एकच असतो, "तूं दिवसभर करतोस तरी काय?" आजोबा शाळा चालवीत, वडील कचेरींत जात, हें चारचौघांत सांगतां येत होतें, नातू काय करतो हें मात्र धड सांगतां येत नाहीं. त्यांतून हा नातू कधीं रात्रीं दोन वाजतां उठतो, दिवाणखान्यांत दिवा लावून तासभर कांहीं पाहत बसतो, आणि सकाळीं विचारलें तर "सर्व्हर बसला होता" एवढेंच तुटक उत्तर देतो. आम्हीं स्वतः या धंद्यांत पंचवीस वर्षें काढलीं आहेत, आणि आमच्या मातोश्रींसहि हें कोडें अद्याप उलगडलेलें नाहीं. तेव्हां सर्व्हर बसतो म्हणजे काय होतें, आणि तो बसविणाऱ्या अनेक कारणांपैकीं एक कारण कसें हुडकून काढावें लागतें, हें आज घरगुती भाषेंत सांगण्याचें योजिलें आहे. विषय वरून रुक्ष दिसेल. परंतु त्यांत एका कामसू बाईंच्या नोकरीचा व कांहीं रोग्यांच्या जिवाचा संबंध आलेला आहे, म्हणून वाचकांनीं शेवटपर्यंत धीर धरावा अशी विनंति आहे.

पूर्वींच्या मोठ्या वाड्यांतून सामाइक भांड्यांची कोठी असे. मुंज निघाली, मंगळागौर आली, कीं ज्याला गरज असेल त्यानें पातेलीं, पराती, घंगाळें कोठींतून न्यावीं आणि कार्य उरकल्यावर घासून पुसून परत आणून ठेवावीं, असा शिरस्ता. भांड्यांवर नांव घातलेलें असे आणि वहींत नोंदहि असे. संगणकाची स्मृति, जिला धंद्यांतील लोक मेमरीच म्हणतात, ती अशीच एक कोठी आहे. प्रत्येक प्रोग्राम आपल्या कामापुरती जागा तींतून मागून घेतो, आणि काम झालें कीं त्यानें ती परत करावी अशी अपेक्षा असते. एखाद्यानें एक वाटी परत केली नाहीं तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. परंतु प्रत्येक कार्याची एक एक वाटी जर कोणाच्या तरी माळ्यावर राहूं लागली, तर कांहीं काळानें अशी वेळ येते कीं पंगत बसली आहे आणि कोठी रिकामी! यालाच मेमरी लीक, म्हणजे स्मृतीची गळती, असें नांव आहे. नांव थोडेंसें फसवें आहे. मडक्यांतून पाणी झिरपून जावें तसें येथें कांहींच बाहेर जात नाहीं. जागा असते तेथेंच असते. फक्त वापर संपला असूनहि ती अडकून पडलेली असते. गळती म्हणण्यापेक्षां यास 'उसनें परत न करणें' असें म्हटलें तर तें अधिक शोभेल.

आतां डेटाबेस म्हणजे काय तें पाहूं. डेटाबेस म्हणजे नोंदींचें अवाढव्य दफ्तर. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून सर्व नोंदी कोष्टकांच्या रूपानें ठेवण्याची पद्धत मांडली, आणि आज बँका, रेल्वे, रुग्णालयें यांची बहुतेक दफ्तरें त्याच पद्धतीनें चालतात. खिडकीवरील माणूस ज्या प्रोग्रामशीं बोलतो तो प्रोग्राम वेगळा आणि हें दफ्तर वेगळें. दोन्ही बहुधा दोन निराळ्या यंत्रांवर असतात. त्या दोहोंमधील संभाषणाच्या वाटेस कनेक्शन म्हणतात. हें कनेक्शन फुकटचें नसतें. पोस्टग्रेस नांवाचा जो सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस आहे, तो प्रत्येक कनेक्शनमागें एक स्वतंत्र कारकूनच नेमून देतो म्हणाना! अशा कारकुनांची संख्या कोणी मुद्दाम बदलली नाहीं तर १०० वर थांबते. मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसांत ती १५१ असते. दर प्रश्नाला नवा कारकून नेमणें व लगेच त्याला निरोप देणें हें फार खर्चाचें. म्हणून प्रोग्राम कांहीं थोडीं कनेक्शनें कायमचीं उघडून ठेवतो आणि ज्याला लागेल त्याला तीं उसनीं देतो. हें काम पाहणारा एक कोठावळाच प्रोग्राममध्यें बसविलेला असतो. जावा भाषेंतील प्रोग्रामांत हिकारीसीपी नांवाचा जो कोठावळा पुष्कळ ठिकाणीं आढळतो, तो दुसरें कांहीं सांगितलें नाहीं तर १० कनेक्शनें बाळगतो. म्हणजे आतां कोठ्या दोन झाल्या: एक स्मृतीची आणि एक कनेक्शनांची. जो प्रोग्राम दफ्तराशीं बोलतो त्याला दोन्हींकडील उसनें वेळच्या वेळीं फेडावें लागतें.

येथें एखादा जाणता वाचक म्हणेल, "अहो, आतांच्या भाषांत वापरून झालेली जागा आपोआप गोळा करणारा नोकर असतो ना?" असतो खरा. जॉन मॅकार्थी या अमेरिकन पंडितानें लिस्प भाषेसाठीं ही युक्ति काढली व १९६० सालच्या आपल्या निबंधांत ती वर्णन केली. १९९५ सालीं बाहेर आलेल्या जावा भाषेंत ती जन्मापासूनच आहे. परंतु या नोकराचा नियम मोठा सोंवळ्याचा आहे. ज्या भांड्याला कोणाचाहि हात लागलेला नाहीं तेंच तो उचलतो. कोणी रिकामें पातेलें नुसतें कांखेंत धरून वर्षभर उभा राहिला, तरी तो त्याला हात लावणार नाहीं. कारण तें नकोसें झालें आहे हें त्याला कळावें कसें? शिवाय कनेक्शन ही दुसऱ्या यंत्रावरील कारकुनाची खुर्ची आहे, ती या नोकराच्या अखत्यारांतच येत नाहीं. तेव्हां नोकर आहे म्हणून घरधन्यानें डोळे मिटून बसावें, अशी सोय नाहीं.

एवढ्याशा वाटीनें एवढा काय अनर्थ होणार, असें ज्यांस वाटेल त्यांच्यासाठीं दोन सर्वश्रुत उदाहरणें देतों. लंडन शहरांतील रुग्णवाहिका पाठविण्याची नवी संगणकयंत्रणा १९९२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. आरंभींच तिचा मोठा गोंधळ उडाला. त्याचीं कारणें निराळीं होतीं. पुढें ४ नोव्हेंबर रोजीं पहांटेच्या सुमारास ती पार बंद पडली. चौकशींत असें दिसून आलें, कीं तीन आठवड्यांपूर्वीं एका प्रोग्राम लिहिणारानें कांहीं काम करतांना एक छोटासा तुकडा तसाच राहूं दिला होता. एखादी गाडी रवाना करण्याचा हुकूम निघाला, कीं हा तुकडा स्मृतींतील थोडीशी जागा घेई व परत करीत नसे. गाड्या जात राहिल्या, जागा अडत राहिली, आणि तीन आठवड्यांनीं कोठी रिकामी झाली. अशा वेळीं राखीव यंत्रानें काम हातीं घ्यावयाचें, तेंहि घेतलें नाहीं. दुसरें उदाहरण २२ ऑक्टोबर २०१२ चें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या यंत्रशाळेंत माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बिघडला म्हणून बदलण्यांत आला. नव्या सर्व्हरचा पत्ता सर्वांस नीट पोंचला नाहीं. साठवणीच्या कांहीं यंत्रांवरील प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर पुन्हां पुन्हां हांका मारीत राहिले, आणि प्रत्येक निष्फळ हांकेबरोबर थोडी थोडी स्मृति अडकत गेली. तेवढ्यानें कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळें तासन् तास खोळंबलीं. हांक सफळ होई तोंपर्यंत दोष दिसला नव्हता. ती निष्फळ होऊं लागली तेव्हां तो बाहेर आला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील हकीकतीचें मर्म तींत आहे.

२०१८ सालच्या पावसाळ्यांत एका धर्मादाय रुग्णालयाच्या नोंदणीच्या प्रोग्रामची तक्रार आमच्याकडे आली. रुग्णालयाचें किंवा प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोघेंहि आपापल्या परीनें चांगलींच होतीं. तेथें सकाळीं आठापासून चार खिडक्यांवर रोग्यांची नोंद होई. दर आठ-दहा दिवसांनीं चारी खिडक्या एकदम थिजत, पडद्यावर चक्र फिरत राही, आणि बाहेर रांग जिन्यापर्यंत जाई. सर्व्हर बंद करून पुन्हां चालू केला, म्हणजे सारें जागच्या जागीं! यावर तेथील व्यवस्थापकांनीं जो तोडगा काढला होता तो जगांत सर्वत्र काढतात तोच: दर रविवारीं रात्रीं सर्व्हर रीस्टार्ट करावा. या तोडग्याला आम्ही सरसकट नांवें ठेवीत नाहीं. रोगी तळमळत असतां आधीं त्याचा ताप उतरवावा हें बरोबरच आहे. पण ताप उतरला म्हणजे रोग गेला असें समजून वर्षभर रोज तेंच औषध देत राहणें, याला वैद्यकी म्हणत नाहींत.

याखेरीज आणखी दोन उपाय होऊन गेले होते. प्रथम प्रथम 'कनेक्शन मिळत नाहीं' अशी तक्रार येई, म्हणून कोणीं तरी कोठावळ्याकडील कनेक्शनें दहांचीं ऐशीं केलीं. ती तक्रार थांबली, आणि स्मृति अपुरी पडूं लागली. मग स्मृति दुप्पट केली. तेव्हां चार दिवसांनीं बसणारा सर्व्हर आठ दिवसांनीं बसूं लागला. एवढ्यावरून खरें तर पुष्कळ कळावयास हवें होतें. कोठी दुप्पट केल्यावर ती दुप्पट वेळानें रिकामी होते, याचा अर्थ भांडीं कमी आहेत असा नसून तीं परत येत नाहींत असा आहे.

पावसाळ्यांत रोगी वाढले, आणि रविवार येण्यापूर्वींच, गुरुवारीं किंवा शुक्रवारीं भर गर्दींत, खिडक्या थिजूं लागल्या. तेव्हां कोणाच्या तरी लक्षांत आलें, कीं तीन नंबरच्या खिडकीवरील बाई कामावर असल्या म्हणजेच बहुधा हा प्रकार होतो. त्या एक आठवडा रजेवर होत्या, त्या आठवड्यांत सर्व्हर एकदांहि बसला नाहीं. झालें! बाई पन्नाशीच्या, नोकरी कायम नव्हे, यंत्राची संवय उतारवयांत झालेली. "त्या कांहीं तरी भलतेंच दाबतात," असा निकाल होऊन महिनाअखेर त्यांस घरीं बसविण्याचें ठरत आलें होतें. आम्हांस बोलावणें आलें तें खरें पाहतां या निदानावर शिक्कामोर्तब करण्यासाठींच.

आम्ही व आमच्या कचेरींतील दोन तरुण मंडळी तेथें गेलों. अशा कामांत पहिला नियम असा, कीं कशालाहि हात लावूं नये. नुसतें पाहावें व लिहून ठेवावें. आम्हीं सात दिवस स्मृतीच्या वापराचा आलेख काढला. निरोगी प्रोग्रामचा आलेख करवतीच्या दांत्यांसारखा दिसतो. काम चाललें कीं वापर चढतो, गोळा करणारा नोकर फिरला कीं उतरतो, आणि प्रत्येक वेळीं साधारण त्याच तळाशीं येऊन टेकतो. दांते किती उंच आहेत याला महत्त्व नाहीं. तळ कोठें आहे हें पाहावें. आमच्या आलेखांत तळच वर चढत होता, आणि तोहि उतारासारखा नव्हे, तर पायऱ्यांसारखा. रात्रीं पायरी नाहीं, रविवारीं पायरी नाहीं. एखाद्या दिवशीं दोन-तीन पायऱ्या, एखाद्या दिवशीं दहा-बारा. यावरून एवढें ठरलें, कीं गळती काळाबरोबर वाढत नाहीं, कामाबरोबर वाढते. आणि सगळ्याच कामाबरोबर नव्हे, कोणत्या तरी एकाच कामाबरोबर.

दुसरी पायरी म्हणजे दफ्तरालाच विचारणें. पोस्टग्रेसमध्यें अशी एक यादी सदैव तयार असते, कीं तींत प्रत्येक कनेक्शनवर शेवटचा प्रश्न कोणता विचारला गेला आणि तें केव्हांपासून स्वस्थ बसून आहे हें वाचतां येतें. त्या यादींत तेवीस कनेक्शनें अशीं निघालीं, कीं ज्यांवर शेवटचा प्रश्न एकच होता, रोग्याचा नांवावरून शोध. आणि त्यांतील सर्वांत जुनें सोमवारच्या सकाळपासून तसेंच बसून होतें. कोठावळा एरवीं अर्ध्या तासानें जुनें कनेक्शन मोडून नवें घेतो. परंतु जें उसनें दिलेलें आहे त्याला तो कधींच हात लावीत नाहीं. म्हणजे हीं तेवीस भांडीं कोणीं तरी नेलीं होतीं आणि आणून दिलीं नव्हतीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारच्या जेवणाच्या सुटींत आम्हीं स्मृतीचें एक छायाचित्रच घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं दुसरें. हें घेतांना प्रोग्राम क्षणभर थांबतो, म्हणून गर्दीची वेळ टाळावी. आणि त्यांत रोग्यांच्या खासगी नोंदीहि येतात, म्हणून तें वाटेल त्याच्या हातीं देऊं नये. एका चित्रावरून फारसें कळत नाहीं. दोन चित्रें शेजारीं ठेवून वाढलें काय तें पाहावें लागतें. वाढलीं होतीं तीं अडकलेलीं कनेक्शनेंच. आणि प्रत्येकाच्या पोटांत शोधाचें संपूर्ण उत्तर जसेंच्या तसें पडून होतें. जावा व पोस्टग्रेस यांमधील दुभाष्या, निराळें सांगितलें नसेल तर, उत्तरांतील झाडून साऱ्या नोंदी एकदम स्मृतींत आणून ओततो. हा प्रोग्राम तर नुसतें नांव व वय न मागतां मागील उपचारांचा सगळा मजकूर मागवीत होता. कुलकर्णी किंवा जाधव अशा आडनांवाचा शोध घेतला कीं शेंकडों नोंदी मजकुरासकट येत. म्हणजे नुसतें भांडेंच अडकत नव्हतें, त्यांत रांधलेला स्वयंपाकहि अडकत होता! दोन तक्रारी दोन रोगांच्या नव्हत्या; कनेक्शनें दहा होतीं तोंवर एक लक्षण दिसलें, ऐशीं केल्यावर दुसरें दिसलें, एवढेंच.

आतां भांडें नेतो कोण, हें पाहावयाचें राहिलें. वर सांगितलेल्या कोठावळ्यापाशीं त्याचीहि सोय आहे. मात्र कोणीं सांगितल्याशिवाय तो ती वापरीत नाहीं. अमुक वेळेंत कनेक्शन परत आलें नाहीं, तर तें प्रोग्राममधील कोणत्या ओळीवरून नेलें गेलें तें लिहून ठेव, असें त्याला बजावतां येतें. आम्हीं एक मिनिटाची मुदत घातली. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत सहा टिपणें आलीं. सहाहि एकाच जागेचीं होतीं.

ती जागा आम्हीं वाचली. कनेक्शन घ्यावें, प्रश्न विचारावा, आलेल्या प्रत्येक नोंदीवरून जन्मतारीख घेऊन वय काढावें, यादी पडद्यावर दाखवावी, कनेक्शन परत करावें. क्रम अगदीं बरोबर. परत करण्याची ओळ डोळ्यांसमोर धडधडीत लिहिलेली. आमच्यापूर्वीं तिघांनीं ती वाचून 'येथें कांहीं दोष नाहीं' असें म्हटलें होतें, तें यामुळेंच. दोष लिहिलेल्या ओळींत नव्हता, दोन ओळींमधल्या वाटेंत होता. रुग्णालयाच्या जुन्या कागदी रजिस्टरांवरून ज्या नोंदी संगणकांत घेतल्या होत्या, त्यांतील कित्येकींत जन्मतारखेची जागा कोरी होती. कोऱ्या जागेवरून वय काढावयास गेलें, कीं प्रोग्राम ठेंच लागून तेथूनच बाहेर पडे. पुढची परत करण्याची ओळ येतच नसे. पडद्यावर मात्र सौम्य शब्द उमटत, 'शोध पूर्ण झाला नाहीं, पुन्हां प्रयत्न करा.' सर्व कांहीं सुरळीत असतां उसनें फेडणारा आणि अडचण आली कीं तोंड चुकविणारा, असा हा मनुष्यस्वभावच प्रोग्राममध्यें उतरला होता. या जातीच्या गळत्या बहुधा अशाच आडवाटेवर असतात. हमरस्ता कितीहि वेळां झाडून पाहिला तरी त्या सांपडत नाहींत.

शेवटीं आम्ही तीन नंबरच्या खिडकीमागें जाऊन उभे राहिलों. खेड्यांतून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई समोर होत्या. जवळ कागद नाहीं, नंबर आठवत नाहीं, 'पूर्वीं आलें होतें' एवढेंच ठाऊक. खिडकीवरील बाईंनीं नांव घालून शोध केला. 'पुन्हां प्रयत्न करा' असें उत्तर आलें. त्यांनीं पुन्हां केला. नांवाचें शुद्धलेखन बदलून केला. माहेरचें नांव विचारून केला. यंत्रानें सांगितलें तसें त्या निमूटपणें करीत होत्या, आणि दर वेळीं एक एक कनेक्शन जात होतें. शेजारच्या खिडक्यांवर पहिल्याच नकाराबरोबर नवी नोंद करून अर्ध्या मिनिटांत रोगी पुढें जाई. आम्हीं विचारलें, "बाई, आपणहि नवीनच नोंद कां करीत नाहीं?"

त्या संकोचून म्हणाल्या, "साहेब, कोणाला कुठलं औषध बाधतं तें जुन्या नोंदींत लिहिलेलं असतं. नवी केली कीं तें पान कोरं. मग डॉक्टर विचारतात आणि म्हातारीला आठवत नाहीं. मागं एकीच्या जुन्या कागदावर पेनिसिलिन चालत नाहीं असं तांबड्या शाईनं लिहिलेलं मला सांपडलं होतं. तेव्हांपासून मी शोधल्याशिवाय सोडीत नाहीं."

चार खिडक्यांपैकीं तो प्रोग्राम ज्या कारणासाठीं लिहिला होता त्या कारणासाठीं वापरणारी ही एकच व्यक्ति होती. आणि म्हणूनच तो तिच्या हातीं मोडत होता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची झाली. कनेक्शन ज्या कंसांत घेतलें त्या कंसांतून कसेंहि बाहेर पडलें, नीट चालून पडलें वा ठेंच लागून पडलें, तरी परत करणें आपोआप घडावें, अशी वाक्यरचना जावा भाषेंत २०११ पासून उपलब्ध आहे. पायथॉन, सी शार्प, गो या भाषांतूनहि निराळ्या रूपांत ती आहे. ती वापरली. कोरी तारीख आली तर वयाची जागा कोरी ठेवावी असें केलें. मजकूर न मागवितां शोधापुरतींच घरें मागविलीं आणि एका वेळीं पन्नासच नोंदी आणविल्या. कनेक्शनें ऐशींचीं पुन्हां दहा केलीं. याचें व्यवस्थापकांस नवल वाटलें. परंतु कोठी लहान असली म्हणजे न आलेलें भांडें लवकर कळतें, मोठी असली म्हणजे चोरी वर्षभर झांकून राहते. मग निराळ्या यंत्रावर नकल करून, कोऱ्या तारखेच्या नोंदीचा शोध एक हजार वेळां करून पाहिला. आलेखाचा तळ हलला नाहीं, आणि दहाहि कनेक्शनें घरीं परत आलेलीं दिसलीं. यानंतरच रविवारचें रीस्टार्ट बंद केलें. तें चालू ठेवून 'आतां बरें वाटतें' म्हणणें म्हणजे ताप उतरविण्याची गोळी घेऊन ताप मोजण्यासारखें आहे. दीड महिना सर्व्हर एकदांहि बसला नाहीं.

अहवाल वाचून व्यवस्थापक म्हणाले, "म्हणजे बाईंमुळेंच बंद पडत होतें तर!" अक्षरशः पाहिलें तर तें खोटें नव्हतें. आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें, कीं जिन्याची पायरी कुजलेली असली तर जो रोज वर पाणी नेतो त्याच्याच पायाखालीं ती मोडते. खालीं बसून राहणाराच्या पायाखालीं मोडत नाहीं. ते थोडा वेळ गप्प राहिले. बाईंचें नांव महिनाअखेरच्या यादींतून निघालें. दुसरा प्रश्न मात्र सोपा नव्हता. इतर खिडक्यांवर वर्षभर झालेल्या नव्या नोंदींमुळें एकेका रोग्याच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी झाल्या होत्या, आणि औषध बाधत असल्याची सूचना त्यांपैकीं एकींतच होती. त्या ताडून एकत्र करणें हें यंत्राचें काम नव्हे. तें बाईंकडे सोंपविलें गेलें, आणि तें पुरें व्हावयास कित्येक महिने लागले. गळती बंद करावयास अर्धा दिवस पुरतो. तिच्यामुळें जें बिघडलें तें सांवरावयास किती दिवस लागतील याचा अंदाज कोणींहि आधीं देऊं नये.

या धंद्यांतील तरुण वाचकांसाठीं आणखी थोडें. उसनें न फेडण्याचे याहून निराळे प्रकारहि पुष्कळ आहेत. एकदां आणलेलें उत्तर पुढें लागेल म्हणून जपून ठेवणारे प्रोग्राम असतात; किती ठेवावें याला मर्यादा घातली नाहीं तर तें जपणेंच साठेबाजी होतें. नोंदी व वस्तु यांची सांगड घालणारीं साधनें एकाच बैठकींत हाताळलेली प्रत्येक नोंद लक्षांत ठेवतात; लाख नोंदींचें काम एका बैठकींत करावयाचें तर मधून मधून पाटी कोरी करीत जावी लागते. प्रोग्रामची नवी आवृत्ति चालू सर्व्हरवर चढवितांना दुभाष्याची जुनी नोंदणी रद्द केली नाहीं, तर जुनी आवृत्ति भुतासारखी स्मृतींत बसून राहते. प्रकार कोणताहि असो, शोधाची रीत तीच. तळ पाहावा, गळती काळाबरोबर वाढते कीं कामाबरोबर हें ठरवावें, दोन क्षणांचीं चित्रें ताडावीं, भांडें नेणाराची सही घ्यावी, आणि दुरुस्तीनंतर आडवाट हजार वेळां चालून पाहावी. अंदाजानें एकदम चार ठिकाणीं बदल करूं नयेत. त्यांतील एकानें गुण आला तरी कोणत्यानें आला हें कळत नाहीं, आणि न कळलेला गुण फार दिवस टिकत नाहीं.

आणि वडील मंडळींस एवढेंच सांगणें आहे. रात्रीं दोन वाजतां तुमचा मुलगा किंवा सून दिवा लावून बसली, तर ती बहुधा कोठें तरी परत न आलेलें एखादें भांडें शोधीत असते. सकाळीं 'सर्व्हर बसला होता' एवढ्यावर तिला सोडूं नका. "नुसता उठवून बसविलास, कीं कां बसला तें सांपडलें?" असें विचारा. या प्रश्नाचा त्यांना राग येणार नाहीं. कचेरींत हा प्रश्न विचारणारें माणूस फारसें भेटत नाहीं.